शमीमखालाच्या बोटांचे ठसे

आधीच सांगून टाकते, मला शमीमखालाचा राग येतो. माणसाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, पण निदान चुकून तरी. हिने नेम धरून पाडला आणि वर मला साक्षीला उभं केलं.

रत्नागिरीत राजिवड्याच्या तोंडाशी माझं ई-सेवाचं दुकान आहे. आधार, पॅन, सातबारा, पासपोर्ट, झेरॉक्स. बाहेर पाटीवर मृणाली भाटकर असं माझं नाव आहे, तरी लोक 'फॉर्मवाली ताई' म्हणतात. दुकानामागून खाडीकडे पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची गल्ली, उतरते, तिच्यात डाव्या हाताचं चौथं घर खालाचं. शमीम होडेकर. वय सहासष्ट. मी लहान असल्यापासून तिला खाला म्हणते आणि अगंतुगं करते, तिला त्याचं काही नाही.

ती जयगडची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इथे आली. नवरा अयूबचाचा बोटीवर खलाशी. दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. चाचा घरी असले की खालाचा आवाज चार घरं पलीकडे जायचा. मासे असे का आणले, भिजलेला टॉवेल खुर्चीवर का टाकला, सारखं काहीतरी चालूच. आम्ही म्हणायचो, चाचा आले वाटतं. चाचा गेले की घर चिडीचूप. आठ वर्षांपूर्वी चाचा कायमचेच गेले. मग राहिला एकुलता एक यासीन, तो दोह्याला एसीच्या कंपनीत. त्याची बायको इरम आणि सात वर्षांची आफरीनही तिथेच.

चाचा गेल्यापासून एक रीत पडली होती. दर वर्षी एप्रिलात यासीन आठ दिवस रत्नागिरीला यायचा आणि जाताना आईला बरोबर घेऊन जायचा. दोन महिने ती दोह्याला राहायची. परतताना राजिवड्याचं कोणी ना कोणी विमानात असायचंच, त्याच्या हवाली तिला करायचा. मग पुढचे दहा महिने फोन.

आता तुम्ही म्हणाल, दोन महिने लेकाकडे मिळतात, मग अजून काय पाहिजे बाईला? मलाही तसंच वाटायचं. पण तिचा जीव दोह्यात नव्हताच. तिथे यासीन सकाळी सहाला बाहेर पडतो आणि रात्री येतो तो दमून. इरम चांगली आहे, पण तिची नोकरी आहे, तिचं स्वयंपाकघर आहे. खाला तिथे पाहुणी. चहा करायचा तरी विचारून. चौदाव्या मजल्यावर खिडकीशी बसायचं आणि खाली गाड्या बघायच्या.

तिचा जीव त्या आठ दिवसांत. आणि त्या आठ दिवसांत काय व्हायचं? काय नाय. यासीन अकरापर्यंत झोपायचा. उठला की मोबाइल. आई समोर बसायची, तो 'हं, हं' करायचा. मी एकदा म्हटलंसुद्धा, "खाला, हा बोलतो कुठे तुझ्याशी?"

"नको बोलू दे," ती म्हणाली. "दारात त्याच्या चपला असतात ना गो. मी आतबाहेर करताना त्यांना पाय लागतो. बस झालं मला."

त्या आठ दिवसांत ती पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन सुरमई आणायची, तांदळाच्या भाकऱ्या थापायची, आणि पाखाडीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात यासीनवर ओरडायची. टॉवेल खुर्चीवर टाकलास म्हणून.

बरं, हा दर वर्षी का यायचा? आईचं मन राखायला, असं मी समजत होते. पण खालानेच त्याला बांधून ठेवला होता. 'एकटी ये ना अम्मी, तिकीट काढतो,' असं तो दर वर्षी म्हणायचा, आणि दर वर्षी तिचं उत्तर ठरलेलं. "विमानतळावर ती पासपोर्टची लाईन. दीड-दीड तास. माझे गुडघे मोडतात. एकटी मी पडले तर कोण उचलणार? तूच ये न्यायला."

गुडघे! ही बाई खाडीकडच्या विहिरीवरून पाण्याची कळशी घेऊन पाखाडी चढते. तिच्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? पण लेकाला कोण सांगणार? माझंही तोंड बंदच राहिलं.

यंदा फेब्रुवारीत एका दुपारी ती दुकानात आली. फोन माझ्यापुढे ठेवला. "यासीनने काय धाडलंय बघ. मला नाय कळत."

मी वाचलं. सरकारची नवी सोय निघालीय, ट्रस्टेड ट्रॅव्हलर म्हणून. एकदा नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे आणि चेहरा द्यायचा. मग विमानतळावर वेगळं यांत्रिक फाटक. पासपोर्ट दाखवला, चेहरा दाखवला की उघडतं. लाईन नाही, शिक्का नाही, काही नाही. खाली यासीनने लिहिलं होतं, 'मृणालीताई, अम्मीचा फॉर्म भरून द्या प्लीज. आता तिला उभं राहायला नको.'

मी हरखले. म्हटलं, "खाला, तुझ्या गुडघ्यांवर औषध मिळालं बघ! अर्ध्या मिनिटात पलीकडे."

तिचा चेहरा बघायला हवा होता. दुधात मिठाचा खडा पडावा तसा झाला. "ट्रस्टेड म्हणजे काय?"

"भरवशाचा. तू भरवशाची प्रवासी."

"माझा कसला भरवसा," ती पुटपुटली. "आणि नाय भरला तर?"

"का नाही भरायचा? लेक एवढं म्हणतोय."

मी फॉर्म भरायला घेतला. तेव्हा मला काही म्हणजे काही लक्षात आलं नाही. लोकांचे फॉर्म भरून भरून मी तशीच झालेय, रकाना दिसला की भरायचा. नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता, पासपोर्टचा नंबर. पासपोर्ट गेल्याच वर्षी नवीन केला होता, त्यामुळे अडचण नव्हती. भिंतीला पांढरी चादर लावून तिचा फोटो काढला. फोटोत ती अशी बघतेय जशी कोणी तिला उधार मागायला आलंय.

महिन्याभराने मेसेज आला, अर्ज मंजूर. मग ठसे द्यायला मुंबईच्या विमानतळाची तारीख घेतली. यासीन मला फोनवर म्हणाला, "ताई, तुम्हीच घेऊन जा तिला. दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नाय." मी खूश. दुकान दोन दिवस बंद ठेवायचं ठरवलं.

आता काजूची गोष्ट. मार्च म्हणजे आमच्याकडे ओल्या काजूगरांचा हंगाम. खाला दर वर्षी बागवाल्यांकडून ओल्या बिया आणते आणि मागच्या पडवीत विळीवर बसून सोलते. पैशाची तिला गरज नाही, यासीन पाठवतो. पण दिवस जात नाही. ओल्या बीचं साल म्हणजे आग. आतला चीक हाताला लागला की कातडी काळी पडते, आणि चार दिवसांत साप कात टाकतो तशी सोलून येते. म्हणून बायका आधी हाताला खोबरेल चोपडतात, राखेत बोटं बुडवतात. कोकणातल्या कुठल्याही पोरीला हे शिकवावं लागत नाही.

मुंबईला जायच्या आठवडाभर आधी मी तिला तिकिटाची वेळ सांगायला गेले. पडवीत ती बसली होती, पुढ्यात बियांचा ढीग. तेलाची वाटी नव्हती. राखेचं पातेलं कोपऱ्यात पालथं. मी म्हटलं, "खाला, तेल कुठाय?"

"संपलं."

"मग माझ्याकडून न्यायचंस!"

"दोनच बिया राहिल्यात गो," ती म्हणाली. ढिगात दोनशे तरी असतील. मी गाडीची वेळ सांगितली आणि निघून आले. माझं डोकं कुठे होतं त्या दिवशी, देव जाणे.

गाडीत तिने सबंध वेळ हात ओढणीखाली ठेवले. मी वडा दिला तर म्हणाली भूक नाही. मुंबईत माझ्या मावसबहिणीकडे राहिलो आणि सकाळी दहाला विमानतळावर ठसे घेतात त्या खोलीत पोचलो.

समोर एक तरुण अधिकारी होता, स्वभावाने गरीब. म्हणाला, "मावशी, उजव्या हाताची चार बोटं इथे काचेवर ठेवा."

खालाने हात बाहेर काढला. चारही बोटांची टोकं काळी, त्यावर कातडीचे पापुद्रे, मधून मधून गुलाबी नवं मांस. अंगठेसुद्धा. दोन्ही हातांची एकही रेष जागेवर नव्हती.

मशीनने लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. त्याने ओल्या रुमालाने काच पुसली, तिची बोटं हळूच पुसली, दाबून ठेवायला सांगितलं. पाच वेळा केलं बिचाऱ्याने. शेवटी विचारलं, "मावशी, काम काय करता?"

"काजू सोलते," खाला म्हणाली. एवढ्या वेळात पहिल्यांदा तिच्या आवाजात जीव आला होता.

"कातडी येऊ द्या, मग या. महिना-दीड महिना. नवी तारीख घ्या."

"नायच घेतलं ना मशीनने?" तिने पुन्हा विचारून खात्री केली.

बाहेर आलो आणि मी तिला फैलावर घेतलं. रिक्षावालासुद्धा आरशातून बघायला लागला. "लाज नाही वाटली? चाळीस वर्षं काजू सोलतेस, आणि आजच तेल संपलं? मी दुकान बंद ठेवून आले! वेड लागलंय का तुला?"

ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मशीनने घेतलं असतं, तर तो कशाला आला असता?"

"कोण?"

"यासीन. मला न्यायला म्हणून येतो गो तो. मी एकटी जायला लागले की संपलं. मग घरी कशाला येईल? इथं काय हाय त्याचं? मीच ना फक्त. आणि मी तर तिथं जाणार."

मी स्वतःला फार शहाणी समजते, पण एवढं साधं मला दिसलं नव्हतं. त्या भाजलेल्या बोटांनी ती ओढणीचं टोक पिळत होती. दुखत असणार, चांगलंच दुखत असणार. मी तिचा हात धरायला गेले, तर म्हणाली, "हात नको लावू, आग होते."

रत्नागिरीला आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती दुकानात आली. आली ती खुशीत. केस विंचरलेले, चांगली साडी. "फोन लाव यासीनला. तुझ्याच तोंडाने सांग, म्हणजे त्याला पटेल."

मी फोन लावला, स्पीकरवर टाकला. सांगितलं की काजूच्या चिकाने ठसे उमटले नाहीत. खाला पुढे वाकून म्हणाली, "बघ बाबा, मशीनला मी पसंत नाय! आता तुलाच यावं लागेल. सुरमई सांगून ठेवते."

मी स्पीकरचा आवाज वाढवला.

"अम्मी," यासीन म्हणाला, "मी येऊ शकत नाय."

"मग मेमध्ये ये."

"मेमध्ये पण नाय. कंपनी दुसऱ्याने घेतलीय. निम्मी माणसं काढली. मला ठेवलंय, पण वर्षभर सुट्टी नाय म्हणून सही घेतलीय. तुला काळजी वाटेल म्हणून बोललो नाय. म्हणून तर ते फाटकाचं काढलं होतं, अम्मी. तू एकटी आलीस तरच भेट होणार होती यंदा. नायतर नाय."

मी खालाकडे बघितलं नाही. बघवलंच नसतं.

"बरं," ती म्हणाली. "बरं बरं. होईल काहीतरी."

"तू काजू कशाला सोलतेस गं? मी पैसे पाठवतो ना?"

माझ्या तोंडावर आलं होतं, अगदी ओठांवर. सांगावं याला, कशासाठी भाजून घेतली बोटं तुझ्या आईने. मी तोंड उघडलंसुद्धा. तर खालाने टेबलाखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "वेळ जात नाय रे," ती त्याला म्हणाली. "म्हणून सोलते."

फोन बंद झाल्यावर ती बराच वेळ तिथेच बसून राहिली. दोन गिऱ्हाइकं झेरॉक्स काढून गेली. मला यासीनचा राग आला होता. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात ते हेच, असं मी बोलूनही दाखवलं. ती एकदम फणकारली, "त्याला कायेक बोलायचं नाय. त्याने सगळं माझ्यासाठी केलं, आणि मी माझ्याच हाताने मोडलं." मग आपल्या बोटांकडे बघत म्हणाली, "मृणाली, हे उगवतं ना गो परत? रेषा येतात ना?"

"येतात. होत्या तशाच येतात."

"सांग मग काय लावू."

आणि मग त्या बाईने जे आरंभलं! खोबरेल काय, तूप काय, डॉक्टरांनी दिलेली ट्यूब काय. विळी शेजारी देऊन टाकली. भांडी घासायला बाई लावली, आयुष्यात पहिल्यांदा. मासे साफ करायचे नाहीत, खोबरं खवायचं नाही, लिंबू पिळायचं नाही. दिवसभर दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून दारात बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, हिला झालंय तरी काय. रोज संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला ती यायची आणि दिव्याखाली बोटं धरायची. "बघ, आल्या?"

"अंगठ्याला आल्या. मधलं बोट राहिलं."

मी घरी जाताना कधी कधी पाखाडीतून डोकवायची. टीव्ही लावलेला, आवाज बंद. ती तशीच बसलेली, काही न करता. काजू सोलून तिचा वेळ जात होता हे खरंच होतं. आता तेवढाही आधार नव्हता. घरात एक शब्द नाही. खुर्चीवर टॉवेल टाकून ओरडून घ्यायलाही कोणी नाही. मी म्हणायची, चल माझ्याकडे जेवायला. ती म्हणायची, नको, हात चालवला की कातडी फाटेल.

मे संपता संपता पुन्हा मुंबई. तोच अधिकारी होता. त्याने ओळखलं. "काजूवाल्या मावशी!" यावेळी मशीनने पहिल्याच खेपेला घेतलं, हिरवा दिवा. त्याने कागदपत्रं परत देताना म्हटलं, "झालं मावशी. आता पाच वर्षं निर्धास्त. कोणाला बरोबर आणायची गरज नाही."

खाला हसली आणि त्याला दुवा दिली. शिकली-सवरलेली बाई नाही, पण रीत सोडत नाही.

दहा दिवसांनी तिचं विमान. यासीनने तिकीट पाठवलं होतं, दुपारचं. मी पोचवायला गेले, आता सवयच झाली होती. दारावरच्या जवानाने पासपोर्ट बघितला आणि तिला आत सोडलं. मला आत जाता येत नाही. काचेतून दिसत होती तोवर बघत राहिले. हिरवी साडी, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पासपोर्ट घट्ट धरलेला. एकदाही मागे वळली नाही. वळली असती तर परत आली असती, असं मला वाटतं.

मी परतायला रिक्षा शोधत होते. बऱ्याच वेळाने तिचा फोन.

"सामान दिलं, तपासणी झाली," ती म्हणाली. "आणि ते फाटक पण झालं."

"कसं झालं?"

"एक दार उघडलं, आत गेले. वर बघ म्हणाले, वर बघितलं. दुसरं दार उघडलं. बस." तिचा आवाज बारीक झाला. "बाजूला लाईन होती गो, ही मोठी. एक बाई होती माझ्यासारखी. लेकाचा दंड धरून उभी होती. तो सारखं घड्याळ बघत होता, आणि ती आपली हळूहळू पुढं सरकत होती. तिला कसली घाई नव्हती."

आमच्याकडे असं काही ऐकलं की माणूस थट्टा करतो, मीही तेच केलं. पासपोर्टच्या लाईनवरच्या साहेबासारखा घसा खाकरला. "काय बाई, कुठे चाललात?"

ती थोडी हसली. "दोह्याला, साहेब."

"कोणाकडे?"

"लेकाकडे." हे ती मोठ्याने म्हणाली, अगदी पाखाडीत ओरडायची तशी.

"बरोबर कोण आहे?"

विचारलं आणि जीभ चावली. पलीकडे कसली तरी घोषणा चालू होती.

"कोणी नाय, साहेब," ती म्हणाली. "पाच वर्षं आता एकटीच."